संपीड्यता

संपीड्यता म्हणजे दाब वाढवला असता पदार्थाचे आकारमान कमी होण्याचा गुणधर्म. तो स्थायू, द्रव व वायू या तिन्ही अवस्थांत आढळतो. मात्र त्याचे प्रमाण अतिशय भिन्न असते.

अवस्थांनुसार फरक

वायूचे रेणू एकमेकांपासून दूर असल्याने वायू सहज दाबला जातो. तापमान स्थिर ठेवून दाब दुप्पट केल्यास त्याचे आकारमान जवळपास निम्मे होते. हा नियम रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये प्रसिद्ध केला. द्रवाचे रेणू परस्परांना जवळजवळ भिडलेले असतात. पाण्यावरील दाब एक वातावरणाने वाढल्यास त्याचे आकारमान केवळ ०.००५ टक्क्यांच्या आसपास घटते. पाणी मुळीच दाबले जात नाही, हा समज जॉन कँटन यांनी १७६२ मध्ये प्रयोगाने खोडून काढला. पोलादाची संपीड्यता पाण्याच्या सुमारे सत्तराव्या भागाइतकी असते.

जलाशयातील पाणी

ठाणे जिल्ह्यातील बारवी धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या मालकीचे आहे. कोणत्याही जलाशयात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एक वातावरणाने वाढतो. त्यामुळे ३० मीटर खोलीवरील पाणी पृष्ठभागावरील पाण्यापेक्षा जेमतेम ०.०१४ टक्के अधिक दाबलेले असते. धरणाच्या भिंतीवरील दाब पाण्याच्या वजनामुळे निर्माण होतो. त्याच्या गणितात पाणी असंपीड्य मानले तरी चालते.

जलाघात

जलवाहिन्यांत मात्र हे गृहीतक अपुरे पडते. बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर परिसराला बारवीच्या पाण्याचा पुरवठा होतो, तो जलवाहिन्यांतूनच. वाहिनीची झडप एकाएकी बंद केल्यास झडपेजवळचे पाणी आधी थांबते, मागचे पाणी त्यावर येऊन आदळते व किंचित दाबले जाते. वाहिनीची भिंतही किंचित ताणली जाते. यातून उत्पन्न होणारी दाबलहर पोलादी वाहिनीत सेकंदाला साधारण १,००० मीटर वेगाने मागे जाते. सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी असे अचानक थांबल्यास दाब सुमारे १० वातावरणांनी वाढतो आणि वाहिनी फुटू शकते. यास जलाघात म्हणतात. पाणी व वाहिनी दोन्ही पूर्णतः असंपीड्य असती, तर सिद्धांततः ही दाबवाढ अमर्याद झाली असती.

एक किलोमीटर लांबीच्या वाहिनीत ही लहर जाऊन परतण्यास सुमारे दोन सेकंद लागतात. त्याहून बऱ्याच अधिक वेळात झडप हळूहळू बंद केल्यास दाबवाढ कमी राहते. पंप अचानक बंद पडण्याच्या ठिकाणी वायुकक्षही बसवतात. त्यातील कोंडलेली हवा स्प्रिंगप्रमाणे आकुंचन-प्रसरण पावून धक्का शोषून घेते.