अश्वशक्तीची वाढ : एका लहान एंजिनाचा विचार

पारिभाषिक शब्द व्यवहारात रुळला की त्याच्या अर्थाच्या कडा झिजू लागतात, हा भाषेच्या अभ्यासकाचा नित्याचा अनुभव आहे. ‘अश्वशक्ती’ हा शब्द या झिजेचे चांगले उदाहरण होय. जुन्या लहान मोटारगाडीची अश्वशक्ती वाढवावयाची असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा हौदात आणखी चार घागरी पाणी ओतावे तशी काहीशी कल्पना बोलणाऱ्याच्या मनात असते. वस्तुतः अश्वशक्ती ही एंजिनात साठविलेली वस्तू नव्हे. ती कोठून येते आणि ती वाढविताना काय गमवावे लागते, हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘मिनी’ या गाडीच्या उदाहरणाने येथे पाहावयाचे आहे. या गाडीचे ‘ए-मालिका’ एंजिन १९५१ साली ऑस्टिन ए-३० या गाडीत प्रथम आले व २००० सालापर्यंत बनत राहिले. इतक्या दीर्घ काळात त्याची शक्ती वाढविण्याचे जेवढे प्रयत्न झाले, तेवढे फार थोड्या लहान एंजिनांच्या वाट्याला आले असतील.

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित करू. तेहतीस हजार पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलणे, हे जेम्स वॉट याने ठरविलेले एका अश्वशक्तीचे माप. त्यात कार्य आहे आणि काळही आहे. एंजिनाच्या फिरत्या दांड्यावर पिळाचा जो जोर पडतो त्याला टॉर्क म्हणतात. हा जोर पौंड-फुटांत मोजून त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणिले आणि ५२५२ ने भागिले, म्हणजे अश्वशक्ती मिळते. तात्पर्य, अश्वशक्ती हा जोर आणि वेग यांचा गुणाकार आहे.

१९५९ च्या मूळ मिनीत ८४८ घन सेंटिमीटरचे एंजिन होते. त्याचा सर्वाधिक टॉर्क मिनिटाला २९०० फेऱ्या असताना ४४ पौंड-फूट इतका असे. त्या क्षणी शक्ती भरते सुमारे २४ अश्वशक्ती. परंतु त्याची कमाल शक्ती ३४ अश्वशक्ती, आणि ती ५५०० फेऱ्यांना. तेथे टॉर्क सुमारे साडेबत्तीस पौंड-फुटांवर उतरलेला असतो. म्हणजे जोर घटला आणि शक्ती वाढली! आपल्याकडे गाडी चालविणारे ज्याला ‘पिकअप’ म्हणतात, तो गुण मुख्यतः खालच्या वेगावरील टॉर्कशी निगडित असतो. पिकअप वाढणे आणि कमाल अश्वशक्ती वाढणे ही दोन भिन्न विधाने आहेत. बोलण्यात मात्र ती सर्रास एक होतात.

या गुणाकाराकडे पाहिले म्हणजे वाढीचे मार्ग आपोआप स्पष्ट होतात. प्रत्येक आवर्तनात सिलिंडरमध्ये अधिक हवा व इंधन भरणे, हा पहिला. त्याच मिश्रणातून अधिक कार्य काढणे, हा दुसरा. आणि मिनिटाला अधिक आवर्तने घडविणे, हा तिसरा. १९६१ साली जॉन कूपर यांच्या प्रेरणेने निघालेल्या ‘मिनी कूपर’मध्ये हे तिन्ही मार्ग अवलंबिलेले दिसतात. एंजिन ९९७ घन सेंटिमीटरचे झाले, एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन आले, संपीडनाचे प्रमाण ८.३ वरून ९ वर गेले आणि कमाल शक्ती ६००० फेऱ्यांना ५५ अश्वशक्ती झाली. आकारमान सुमारे १८ टक्क्यांनी वाढले, शक्ती मात्र सुमारे ६२ टक्क्यांनी. ही तफावत केवळ आकाराने भरून निघणारी नव्हे. ती मुख्यतः एंजिनाच्या श्वसनातून आली.

श्वसन हा शब्द येथे अलंकार म्हणून योजिलेला नाही. एंजिन हा मूलतः हवा ओढणारा व बाहेर टाकणारा पंप आहे. ए-मालिकेच्या माथ्यात, म्हणजे सिलिंडर हेडमध्ये, चार सिलिंडरांसाठी आत येण्याचे मार्ग दोनच आहेत आणि बाहेर जाण्याचे तीन. पहिला व दुसरा सिलिंडर मिळून एक प्रवेशमार्ग वापरतात, तिसरा व चौथा मिळून दुसरा. पेटण्याचा क्रम एक-तीन-चार-दोन असा असल्याने तिसऱ्याच्या पाठोपाठ लगेच चौथा आणि दुसऱ्याच्या पाठोपाठ पहिला त्याच मार्गातून हवा ओढतो. एकाच्या श्वासाचा परिणाम शेजाऱ्याच्या श्वासावर होतो. शेजारच्या ध्वनीमुळे ध्वनीचे रूप पालटते हे आपण संधीत पाहतोच. हा प्रकार त्याहून फार निराळा नाही. उलट मधल्या दोन सिलिंडरांचा निष्कासमार्ग एकच असूनही तेथे अडचण कमी, कारण त्यांच्या पाळ्यांमध्ये पुरी एक फेरी जाते. इंग्लंडातील डाउनटन एंजिनिअरिंगच्या डॅनिएल रिचमंड यांनी या माथ्यावर जे काम करून नाव मिळविले, ते याच मार्गांना नेमका आकार देण्याचे. मार्ग नुसता रुंद केल्याने काम भागत नाही. अति रुंद मार्गात हवेचा वेग मंदावतो आणि खालच्या फेऱ्यांना सिलिंडर नीट भरत नाही.

आकारमान वाढविले की शक्ती त्याच प्रमाणात वाढेल, ही समजूतही तपासून पाहण्याजोगी आहे. ‘कूपर एस’ या गाडीची तीन एंजिने निघाली : १९६३ साली १०७१ घन सेंटिमीटरचे, आणि १९६४ साली ९७० व १२७५ घन सेंटिमीटरची. तिघांच्या सिलिंडरांचा व्यास एकच, ७०.६ मिलिमीटर, भेद केवळ दट्ट्याच्या धावेत. ९७० चे एंजिन ६५ अश्वशक्तीचे, १२७५ चे ७६ चे. आकारमानातील वाढ सुमारे ३१ टक्के, शक्तीतील १७. कारण उघड आहे : व्यास तोच, म्हणून झडपांना जागा तेवढीच, मोठी छाती जुन्याच नाकपुड्यांतून श्वास घेते. धाकट्या एंजिनाने आपली कसर ६५०० फेऱ्यांपर्यंत जाऊन भरून काढली, थोरल्याने खालच्या वेगावर भरपूर टॉर्क दिला. शर्यतीला कोणते आणि रस्त्याला कोणते, हे कमाल आकडा सांगू शकत नाही. झडपा अधिक काळ उघड्या ठेवणाऱ्या कॅमदांड्याचेही तसेच. तो शक्तीचे शिखर वर सरकवितो, परंतु पायथ्याची जमीन खचविते, ती बहुधा त्याच्याच हातून.

जुन्या एंजिनात आणखी एक विवेक आवश्यक असतो. वाढविण्यापूर्वी हरवलेले परत मिळवावे. झिजलेली कडी, नीट न बसणाऱ्या झडपा आणि चुकलेली ठिणगीची वेळ यांमुळे मूळच्या ३४ पैकी कित्येक अश्व आधीच निघून गेलेले असतात. संपीडन वाढविताना इंधनाची गुणवत्ता पाहावी लागते, नाहीतर मिश्रण अवेळी भडकून दट्ट्यावर ठोके बसतात. शिवाय ही एंजिने शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातील आहेत. शिशाचा थर झडपांच्या बैठकींचे रक्षण करी. भारतात व ब्रिटनमध्ये २००० सालापासून ते पेट्रोल सामान्य विक्रीतून गेले. म्हणून माथा उघडलाच असेल, तर निष्कास झडपांखाली कठीण धातूच्या बैठकी बसविणे शहाणपणाचे ठरते.

शेवटी आकड्याविषयी. १९७२ च्या सुमारास अमेरिकी कारखानदारांनी मोजणीची पद्धत बदलली. पूर्वी उपसाधनांवाचून मोजलेले एंजिन आता त्यांसह मोजले जाऊ लागले आणि एका स्क्रूलाही हात न लावता जाहिरातींतील अश्वशक्ती घटली. आकड्याचा अर्थ त्याच्या मोजणीच्या संदर्भात असतो, जसा शब्दाचे मूल्य भाषाव्यवस्थेतील इतर शब्दांच्या संबंधात ठरते. एंजिनाचेही तेच. १९६१ च्या कूपरला ५५ अश्वशक्तीबरोबरच पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक देण्यात आले, ही गोष्ट म्हणूनच अर्थपूर्ण आहे. ज्यांनी वेग वाढविला त्यांनी थांबण्याचाही विचार त्याच वेळी केला. जुन्या गाडीचा एकच भाग बदलून बाकीचे जसेच्या तसे ठेवणाऱ्याने निदान एवढे ध्यानात घ्यावे, की ब्रेकांना नव्या आकड्याची वार्ता कोणी दिलेली नसते.