बाटलीवरचा टक्का

मद्याची तीव्रता आकारमानाच्या टक्क्यांत मोजतात. लेबलवर ४२.८ टक्के असेल, तर १०० मिलीत ४२.८ मिली शुद्ध अल्कोहोल असते. भारतीय व्हिस्की-रमवरचा हा अडनिडा आकडा 'प्रूफ' या जुन्या ब्रिटिश मोजणीतून आला. तिथले ७५ अंश प्रूफ म्हणजे साधारण एवढेच. अमेरिकेत प्रूफ म्हणजे टक्क्यांची सरळ दुप्पट.

खरी गफलत बिअरबाबत होते. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिली बाटलीत ५२ मिली अल्कोहोल असते. ६० मिलीच्या दोन व्हिस्की पेगमध्येही जवळपास तेवढेच! तरी बिअरला 'हलकी' समजतात, आणि ही समजूत धोक्याची आहे.

सोडा, पाणी किंवा सरबत मिसळल्यावर टक्का उतरतो. ग्लासातले अल्कोहोल मात्र तेवढेच राहते. कायदाही पेयातला टक्का नव्हे, रक्तातले अल्कोहोल पाहतो: वाहनचालकाच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास तो भारतात गुन्हा आहे.