म्हाताऱ्यांची मराठी राखणारा आचार्य

धाड हे बुलढाणा तालुक्यातले, जालना जिल्ह्याच्या सीमेलगतचे गाव. सीमेपलीकडे भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत, जयदेववाडीजवळ ‘जाळीचा देव’ आहे. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचे चरणांकित स्थान म्हणून भाविकांची तिथे ये-जा असते. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर आणि लोणारलाही स्वामी राहून गेले. लोणारला यादव राजा कान्हरदेव त्यांच्या भेटीला आल्याचे ‘लीळाचरित्र’ सांगते. त्यामुळे चक्रधरांचे नाव या मुलखाला नवे नाही. त्यांच्यामागे पंथ सांभाळणारे नागदेवाचार्य मात्र पंथाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाहीत.

पंथ स्थापन करणारा वचने बोलतो आणि निघून जातो. मागे उरलेल्या माणसांना एकत्र कसे ठेवायचे, हा प्रश्न दुसऱ्या पिढीचा असतो. युरोपात फ्रँक राज्यातला मठाधिपती संत बेनेडिक्ट आनियानकर याच प्रश्नाला भिडला होता. राजदरबारातली चाकरी सोडून तो संन्यासी झाला आणि 780 च्या सुमारास आनियान इथे त्याने मठ उभारला. सुमारे अडीच शतकांपूर्वीच्या दुसऱ्या एका बेनेडिक्टची नियमावली त्याने प्रमाण मानली. सम्राट लुई पाठीशी होता. 816-817 मध्ये आखेनच्या सभांमध्ये साम्राज्यातल्या मठांसाठी तीच लागू झाली. 821 मध्ये तो वारला. त्याच्या मठांची भाषा लॅटिन होती. सामान्य माणसाला ती इतकी परकी झाली होती, की 813 मध्ये तूर इथल्या धर्मसभेला प्रवचने लोकभाषेत करा असे सांगावे लागले.

नागदेवांच्या पाठीशी कोणी सम्राट नव्हता. 1274 च्या सुमारास चक्रधरस्वामी उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे, निघून गेले, अशी पंथाची श्रद्धा आहे. पोरके झालेले शिष्य रिद्धपूरला, स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेत राहिले. गोविंदप्रभूही गेल्यावर सगळा भार नागदेवांवर आला. पंथात त्यांना भटोबास म्हणतात. आई आबाइसा, बहीण उमाइसा आणि चुलत बहीण महदाइसा या तिघीही पंथातल्या. महदाइसाने ‘धवळे’ रचले आणि ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. स्त्रियांना आणि सर्व जातींना संन्यासाचा अधिकार देणारा हा पंथ होता. तो चालवताना कोणत्या भाषेत बोलायचे, हा प्रश्न आलाच.

नागदेवांचे शिष्य केशोबास हे संस्कृतचे जाणकार. स्वामींचे तत्त्वज्ञान संस्कृतात आणायची त्यांची इच्छा होती. नागदेवांनी नकार दिला. तसे केल्याने पंथातल्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील, हे त्यांचे कारण ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथाने नोंदवले आहे. संस्कृतात प्रश्न विचारणाऱ्यालाही त्यांनी बजावले, की स्वामींनी मला मराठीतच शिकवले, तेव्हा मराठीतच विचारा. स्वामी स्वतः मूळचे गुजरातचे, हे ध्यानात घेतले की या आग्रहाचे वजन कळते.

याच काळात, 1278 च्या सुमारास, पंथातल्या म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणींचा ग्रंथ ‘लीळाचरित्र’ सिद्ध केला. ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते, त्यांच्याकडे जाऊन आठवणी गोळा केल्या आणि नागदेवांकडून पारखून घेतल्या. केशोबासांनी स्वामींचे दृष्टान्त मराठीतच ‘दृष्टान्तपाठा’त गुंफले. पुढे खलजींच्या स्वाऱ्यांत ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत हरवली. शिष्यांनी पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा केला. म्हणूनच आज त्याचे अनेक पाठ मिळतात. रोजच्या बोलीतला ग्रंथ होता, म्हणून तो लोकांच्या तोंडी होता. नागदेवांचा निर्णय असा फळाला आला.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नागदेवांनंतर पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. जी मराठी म्हाताऱ्यांसाठी मोकळी ठेवली होती, ती पंथाबाहेरच्या मराठी माणसाला काही शतके वाचता आली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीने ती उलगडली आणि मराठी गद्याचा इतिहास नव्याने लिहावा लागला.

बेनेडिक्टचे मोठेपण त्याच्या नियमांच्या शिस्तीत होते. नागदेवांची शिस्तही कडक होती; पण ती राखताना, पंथात सर्वांत कमी शिकलेल्या माणसाला काय कळेल, हे त्यांनी आधी पाहिले. ज्या रिद्धपूरला त्यांनी हा पंथ बांधला, तिथेच 2024 मध्ये महाराष्ट्राचे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले.