विश्लेषण : शेजारचा मोबाइल तुमचा टॉवर होऊ शकतो का?

एकाच टेबलावर दोन मोबाइल, सिमकार्डही एकाच कंपनीचे. तरी एकाला रेंज असते आणि दुसऱ्याचा कॉल तुटतो. अशा वेळी पहिल्याने दुसऱ्याचा निरोप पुढे पोहोचवला तर? मोबाइलच्या या आपसांतील सहकार्यावर संशोधक दोन दशकांहून अधिक काळ काम करत आहेत.

वीतभर अंतरात रेंज का बदलते?

टॉवरच्या लहरी इमारती, झाडे, वाहने यांवर आपटून अनेक वाटांनी फोनपर्यंत येतात. कुठे त्या एकमेकींना बळ देतात, कुठे एकमेकींना पुसून टाकतात. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम १७ सेंटिमीटर असते. त्यामुळे फोन वीतभर सरकवला तरी सिग्नल बदलतो. (रेंजसाठी खिडकीशी हात उंच करून उभे राहणारा अगदीच वेडा नसतो!) मात्र जवळच्या दोन फोनचा सिग्नल एकाच क्षणी बुडण्याची शक्यता कमी. सहकार्याची सारी मदार यावरच आहे.

निरोप पुढे कसा जातो?

२००३ मध्ये सेंडोनारिस, एर्किप व आझांग यांनी आणि २००४ मध्ये लेनमन, त्से व वॉर्नेल यांनी याचे गणित मांडले. एका पद्धतीत मधला फोन ऐकलेला सिग्नल फक्त मोठा करून पाठवतो. त्याबरोबर खरखरही मोठी होते. दुसरीत तो निरोप आधी उलगडतो आणि नव्याने पाठवतो. उलगडताना चूक झाली, तर तीही पुढे जाते.

मग ही सोय सरसकट का नाही?

मोबाइलची जागतिक मानके ठरवणाऱ्या ‘थ्रीजीपीपी’ने बाराव्या आवृत्तीत फोन-ते-फोन थेट संपर्काला जागा दिली. टॉवर बंद पडला तरी पोलीस, अग्निशमन दलाचे संभाषण चालू राहावे, हा त्यामागचा एक प्रमुख हेतू. सामान्य ग्राहकाचा प्रश्न वेगळा आहे. अनोळखी माणसाच्या कॉलसाठी स्वतःची बॅटरी कोण जाळणार? आणि मधल्या फोनने निरोप वाचला तर?

ही दुसरी भीती पोकळ नाही. हाँगकाँगच्या आंदोलकांनी २०१४ मध्ये ‘फायरचॅट’, तर २०१९ मध्ये ‘ब्रिजफाय’ ही ब्लूटूथवर फोन-ते-फोन चालणारी ॲप वापरली. लंडनच्या रॉयल हॉलोवेमधील संशोधकांनी २०२० मध्ये ‘ब्रिजफाय’मधील गंभीर त्रुटी दाखवल्या : निरोप वाचता येत होते, वापरकर्त्यांचा मागही काढता येत होता. आंदोलकासाठी याचा अर्थ थेट अटकेचा धोका.

उलट, ॲपलच्या ‘फाइंड माय’मध्ये हरवलेल्या वस्तूचा ब्लूटूथ संकेत परक्यांचे आयफोन टिपतात आणि ठिकाण कूटबद्ध करून कळवतात. मदत करणाऱ्याला ना ते वाचता येते, ना बॅटरीचा फरक जाणवतो. म्हणूनच ही व्यवस्था रुळली.

अर्थात यासाठी आसपास फोन हवेत. ब्लूटूथचा पल्ला साधारणतः काही दहा मीटरच. गर्दीत साखळी जुळते; निर्जन घाटात एकट्याच असलेल्या फोनला शेजारीच नसतो. आयफोन १४ मध्ये आणीबाणीचा संदेश थेट उपग्रहाकडे पाठवण्याची सोय २०२२ मध्ये आली, ती अशाच ठिकाणांसाठी.