न बोललेली बोली

आपल्या गटात कोणी किती बचत भरली, कोणी किती कर्ज उचललं, व्याज किती आलं, सगळं वहीत लिहिलेलं असतं. उशिरा आल्याचा दहा रुपये दंडसुद्धा सुटत नाही. पण गटासाठी, गावासाठी कोणी किती वेळ दिला आणि त्या बदल्यात तिच्या मनात कसली आशा होती, हे कुठल्याच वहीत सापडत नाही. आज त्याबद्दल बोलू या.

दोन वर्षांपूर्वी एका संस्थेनं आमच्या भागात घरोघरी पाहणी करायचं ठरवलं. समन्वयक म्हणून मी गटातल्या एका ताईला विचारलं. बारावी शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. ती लगेच हो म्हणाली. खुरपणी सांभाळून तिनं दीड महिना दारोदार फिरून फॉर्म भरले. एसटीचं भाडं, मोबाइलचा रिचार्ज, सगळं पदरचं. मग तालुक्याला कार्यक्रम झाला, अहवाल वाचला गेला, फोटो निघाले. तिला साधा निरोपही नव्हता. त्यानंतर ती गटाच्या बैठकीलाही येईनाशी झाली.

मी तिच्या घरी गेले. मला वाटलं, पैशाचं दुखणं असेल. चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "ताई, पैसे मी मागितले होते का? पण त्या कागदांचं पुढं काय झालं, एवढं तरी सांगायचं होतं. मला वाटलं होतं, गावाचं काय निघालं ते आपल्याला दाखवतील." संस्थेतल्या लोकांना विचारलं, तर ते म्हणाले, "त्या आवडीनं करत होत्या." दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नव्हतं. संस्थेच्या मनात एक बोली होती, ताईच्या मनात दुसरी. आणि मधे मी होते, दोघांनाही काही न विचारता मोकळी झालेली.

अभ्यासक याला 'मानसिक करार' म्हणतात. क्रिस आर्गिरिस या अमेरिकी अभ्यासकानं १९६० मध्ये कारखान्यातले मुकादम आणि कामगार यांच्यातल्या अशाच न लिहिलेल्या समजुतीबद्दल लिहिलं. पुढे १९८९ मध्ये डेनिस रूसो या अभ्यासक बाईंनी तो विचार आणखी स्पष्ट केला. समोरच्यानं आपल्याला शब्द दिलाय असं माणूस धरून चालतो. तो मोडला असं वाटलं, की नुसतं वाईट वाटत नाही, विश्वासच जातो.

आपल्याला हे नवं नाही. सावड आठवा. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात. कागद नाही, सही नाही. पण एकदा कोणी आपली पाळी चुकवली, की पुढच्या वेळी तिच्या बांधावर कोण जाईल?

नोकरीत मन उडालं तरी महिन्याच्या शेवटी पगार हातात पडतो. स्वयंसेविकेकडे त्या समजुतीशिवाय दुसरं काही नसतं. म्हणून ती आधी तुटते. ती भांडत नाही. आधी उशिरा येते, मग फोन उचलत नाही, मग "बघू" म्हणते. आणि तिच्याकडे बघून बाकीच्याही मागे सरतात.

इथे एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. गोड बोलणं हा मोबदल्याला पर्याय नाही. आपल्या आशाताईंचंच बघा. २००५ पासून त्या 'स्वयंसेविका' या नावानं काम करतात, ठरलेला पगार नाही, मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला. कामं मात्र वाढत गेली. कोरोनात घरोघरच्या पाहणीचं ओझंही त्यांच्याच खांद्यावर आलं. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला. तो गौरव मोलाचाच, पण त्यानं मोबदल्याचा प्रश्न सुटत नाही. काम रोजचं आणि जबाबदारीचं झालं, की त्याला नुसतं 'सेवा' म्हणून भागत नाही.

आणि आपलीही बाजू असते बरं का. हो म्हणून अर्ध्यात सोडणं, घराघरातली माहिती पाणवठ्यावर बोलणं, यानंही बोली मोडतेच.

म्हणून आमच्या ग्रामसंघात आता काम घेण्याआधी चार प्रश्न विचारतो. काम नेमकं काय आणि किती दिवसांचं? प्रवासाचा, फोनचा खर्च कोण देणार? काम झाल्यावर त्याचं काय झालं, हे आपल्याला कोण आणि कधी सांगणार? जमेनासं झालं, तर कोणाला सांगून मोकळं व्हायचं? उत्तरं इतिवृत्त वहीत लिहितो, दोन्हीकडच्या सह्या घेतो. पैसे मिळणार नसतील, तर तेही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतो.

त्या ताईसाठी मी अहवालाची प्रत मागून आणली. तिच्या ओसरीवर बसून आम्ही आमच्या गावाचं पान वाचलं. पुढच्या महिन्यापासून ती बैठकीला येऊ लागली. परवा नवं काम आलं तेव्हा मी तिला विचारलं. ती लगेच हो म्हणाली नाही. वही पुढे ओढली आणि म्हणाली, "आधी बोली लिहू या, ताई."