बँडवाल्यांची बैठक

बँड कानांवर पडला नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडायचा नाही. आणि बँड नीट ऐकला आहे असा माणूस, खरे सांगायचे तर, शोधूनच काढावा लागेल. वरातीत बँड आपल्या पुढे चालत असतो, पण आपले लक्ष घोड्याकडे, घोड्यावरच्या मुंडावळ्यांकडे, नाहीतर घामाने भिजलेल्या आपल्याच कोटाकडे! बँड थांबला म्हणजे मात्र चटकन कळते. "का हो, बँड का थांबला?" असे दहा माणसे विचारतात. तो वाजत असताना "काय वाजवतोय?" असे विचारणारा एकही निघत नाही.

आमच्या पेठेतल्या एका बँडमास्तरांनी हे दुःख मला एका वाक्यात सांगितले होते. ते म्हणाले, "काका, बावीस वर्षे क्लॅरोनेट वाजवतोय; पण अंतरा पुरा ऐकून घेणारे गिऱ्हाईक अजून भेटायचे आहे." गोष्ट अक्षरशः खरी आहे. वरातीत मुखडा झाला न झाला की कुणीतरी मामा नोट नाचवीत पुढे येतो आणि दुसरेच गाणे सांगतो. ते गाणे अर्ध्यावर असताना नवरदेवाचे मित्र येतात, त्यांना तिसरेच हवे असते. शिवाय वाजवायचे ते चालता चालता. रस्त्यातल्या खड्ड्यात पाय गेला की मुखनळी ओठावर आदळते. घोडा बिचकला तर ताल सोडून बाजूला व्हायचे. एवढे सगळे करून वर "बँडवाले बेसूर वाजवतात" हे ऐकायचेच आहे.

म्हणूनच आमच्या पुण्यातल्या पेठेतील एका लहान मंडळाची हकिगत मला इथे सांगायची आहे. मंडळाचे नाव सांगून उपयोग नाही. ते मानाच्या पाचांतले नाही, वर्तमानपत्रांत त्याचा फोटो कधी आलेला नाही. पण त्या मंडळाने गणपतीच्या दहा दिवसांतली एक रात्र पेठेतल्या बँडला दिली आहे. आणि नुसती दिली नाही, खुर्च्यांवर बसवून दिली आहे.

आता यात विशेष ते काय, असे कुणी विचारील. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

बँड ही वस्तू आपल्याकडे पलटणीबरोबर आली. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पितळी वाद्यांना झडपा बसल्या. पूर्वी बिगुलातून निघत ते मोजकेच स्वर; तीन झडपांनी त्याच नळीतून सगळे बारा स्वर निघू लागले. मधली झडप दाबली की स्वर अर्ध्याने उतरतो, पहिली दाबली की एकाने, तिसरी दाबली की दीडाने. बाकीचे सारे काम ओठांचे. पुढे बेल्जियमच्या अडोल्फ साक्स या खटपट्या कारागिराने १८४६ साली सॅक्सोफोनचे पेटंट घेतले. ही सगळी पलटण हिंदुस्थानातल्या छावण्यांत उतरली. मुंबईच्या कूपरेजवर १८६७ साली बँडस्टँड उभा राहिला तो साहेबलोकांच्या संध्याकाळच्या करमणुकीसाठी. पण कानांना कुंपण घालता येत नाही. मीरतेत नादिर अली या बँडमास्तराने १८८५ साली वाद्यांचा धंदा सुरू केला, आणि तिथल्या जली कोठी भागात आजही तुतारी-कॉर्नेटांचे पितळ ठोकले जाते. साहेब गेला, त्याचा बँड मात्र आपल्या लग्नांत राहिला, डगला आणि झालरीसकट.

आपल्या लोकांनी त्या वाद्यांवर जे केले ते मात्र पलटणीला कधी सुचले नसते. पितळेच्या या ताफ्याचा मुख्य गवई लाकडाचा आहे! क्लॅरोनेट. पुस्तकी उच्चार क्लॅरिनेट असेल, पण बँडच्या खोलीत तसे म्हटलेत तर लोक तुमच्याकडे पाहत राहतील. कॉर्नेटला झडपा असल्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते. खटका सुरेख निघतो, पण मींड म्हटली की कॉर्नेट हात टेकते. क्लॅरोनेटच्या भोकांवर प्रत्यक्ष बोटे असतात. बोट हळूहळू सरकवीत उचलावे, ओठाची पकड थोडी सैल करावी, की स्वर तेलासारखा ओघळतो. 'मानापमान' (१९११) आणि 'स्वयंवर' (१९१६) या नाटकांतली पदे पुण्याच्या रस्त्यांवर टिकून राहिली ती रंगमंचाइतकीच या क्लॅरोनेटवाल्यांनी टिकवली, असे माझे मत आहे. संगीताच्या इतिहासकारांना ते पटेलच असे नाही. पण 'पिंजरा'चे (१९७२) संगीतकार राम कदम मिरजेहून आले ते बँडमधून, ही गोष्ट त्यांना नाकारता येणार नाही. आणि परदेशी वाद्यावर आपले संगीत चढत नाही म्हणणाऱ्यांना कद्री गोपालनाथांनी सॅक्सोफोनवर सबंध कर्नाटक संगीत वाजवून उत्तर दिलेलेच आहे.

तरी बँडवाल्याला मान नाही तो नाहीच. याचे कारण संगीतात शोधून सापडणार नाही. वाजंत्री हा आपल्या समाजात फार जुन्या काळापासून मांडवाच्या कडेला उभा असलेला माणूस. मांग, गुरव, घडशी, कोरवी. सनई त्यांची, संबळ त्यांचा, आणि मुहूर्ताला त्यांच्यावाचून अडलेले. पण पंगतीत त्यांची पाने शेवटी आणि मांडवाबाहेर. बँड आला तेव्हा त्यांच्यातलेच पुष्कळजण, आणि त्यांच्या जोडीला पुष्कळ मुसलमान वादक, त्यात शिरले. डगला लाल झाला, खांद्यावर झालर आली. जागा तीच राहिली. अमेरिकन अभ्यासक ग्रेगरी बूथ हिंदुस्थानभर या बँडवाल्यांच्या मागे हिंडला आणि २००५ साली त्याने त्यांच्यावर सबंध पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्याकडचे टीकाकार तोवर मैफलींचीच परीक्षणे लिहीत होते.

आता गणपती. १८९३ पासून टिळकांनी हा उत्सव चव्हाट्यावर आणला, त्यात व्याख्याने आली, कीर्तने आली, आणि लगोलग मेळे आले. मेळा म्हणजे काय, हे आज तरुणांना सांगावे लागते. गल्लीतली पोरे, गल्लीतलाच पद रचणारा, गल्लीतलाच पेटीवाला. आज या मांडवात, उद्या त्या मांडवात. सरकारला त्या पदांची एवढी धास्ती वाटली की १९१० च्या सुमारास मेळ्यांवर कडक बंधने आली. राजकारण क्षणभर बाजूला ठेवू. पण गावातल्याच लोकांनी गावातल्याच लोकांपुढे, दरवर्षी ठरल्या दिवशी, तिकिटावाचून गाण्याची ही केवढी मोठी सोय होती! पोराचा आवाज गेल्या वर्षीपेक्षा तयार झाला की बिघडला, हे समोरच्या ओट्यावरच्या आजीला कळत असे, आणि ती तसे सांगतही असे.

आमच्या मंडळात त्याचाच धागा थोडासा शिल्लक आहे. पहिल्या दिवशी बायकांचे भजनी मंडळ, मग पेठेतल्या शाळेच्या मुलांचे गायन, एका रात्री पोस्टातून निवृत्त झालेल्या गृहस्थांचे व्हायोलिन (ते दरवर्षी भीमपलासच वाजवतात, आणि दरवर्षी थोडा बरा वाजवतात), आणि सातव्या रात्री बँड.

बँडची रात्र गणपतीतच का, यालाही कारण आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्ने थांबतात, ती तुळशीचे लग्न लागेपर्यंत. अलीकडे मधेच एखाददुसरा काढीव मुहूर्त निघतो, तेवढाच. ते चार महिने बँडवाल्याने खायचे काय? कुणी गावी जाऊन शेतात राबतो, कुणी रंगकाम करतो, कुणी रिक्षा चालवतो. भाद्रपदातले दहा दिवस हेच त्यांचे मधले पीक. माणसे गावाहून परत येतात, खुंटीवरची वाद्ये खाली उतरतात, पावसाळी हवेने रुसलेल्या वेताच्या पट्ट्या घासूनपुसून बघितल्या जातात. म्हणजे तालमीला वेळ असलेला बँड वर्षात एकदाच मिळतो, आणि तो याच दिवसांत.

पहिल्या वर्षी खुर्च्या मांडल्या तेव्हा बँडवाले बसेनात! मास्तर म्हणाले, "उभ्यानेच बरे." दहा मिनिटे आग्रह चालला. शेवटी मंडळाचे म्हातारे अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही बसल्याशिवाय मीही बसणार नाही." त्यांचे गुडघे सबंध पेठेला ठाऊक, बँड मुकाट्याने बसला.

आणि मग जे ऐकले ते मी तरी पूर्वी कधी ऐकले नव्हते. तीच गाणी, तीच माणसे. पण चालणे नव्हते, घोडा नव्हता, मामा नव्हता. मोठा ढोल रस्त्यावर असतो त्याच्या निम्म्या जोराने वाजत होता. त्यामुळे मागच्या ओळीतले दोन युफोनियम काय करतात ते कळले: गाण्याच्या खालून ते एक सावकाश, स्वतंत्र चाल नेत असतात. वरातीत ती कुणालाही कधी ऐकू येत नाही, पण ते बिचारे ती इमानाने वाजवीतच असतात. मुखडा झाला. मांडवातून कुणी उठले नाही. अंतरा सुरू झाला, आणि मास्तरांनी डोळे मिटले. तिसऱ्या रांगेत एक आजोबा बसले होते. अंतरा संपून क्लॅरोनेट पुन्हा मुखड्यावर उतरले तेव्हा त्यांनी जी "वाहवा" दिली, ती ऐकून मागचा झांजवाला चक्क दचकला. त्याला शिट्ट्यांची सवय होती.

पुढे हे वाढत गेले. एके वर्षी शाळेत गायलेली पेठेतली एक मुलगी बँडबरोबर गाणार असे ठरले. तिचा सूर काळी चार. बँडची क्लॅरोनेटे आणि कॉर्नेटे 'बी फ्लॅट'ची, म्हणजे पेटीवाल्याच्या भाषेत काळी पाच. बोटांना सवय त्याच पट्टीची. मुलीने सूर वर चढवावा की बँडने खाली उतरावे? मास्तर म्हणाले, "गळा देवाने दिलेला असतो, पट्टी आपण ठरवतो." सबंध बँडने ते गाणे एक स्वर खाली बसवले. ऐकायला सोपे वाटते. पण बावीस वर्षे एका वळणाने पडणारी बोटे नव्या वळणावर न्यायची, आणि तीही अठरा माणसांनी, हे आठ रात्रींचे काम झाले. वरातीच्या धंद्यात या कष्टाला एक पैसा मिळत नाही. म्हणून तर ते तिथे कुणी करीत नाही.

हे सगळे गोड आहे. पण ते टिकेल की नाही, हा प्रश्न आहेच. विसर्जनाच्या रस्त्यावर बँडला दोन बाजूंनी दाब आला. एकीकडून ढोल-ताशांची पथके आली. ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग यांसारख्या शाळांनी ती शिस्तीत उभी केली. तरुण मुलामुलींचा उत्साह पाहून डोळे निवतात, आणि पथकात मान आहे म्हणून डॉक्टर-इंजिनिअरही हौसेने ताशा गळ्यात अडकवतात. दुसरीकडून आल्या त्या डीजेच्या भिंती. त्यांच्याबद्दल माझ्याजवळ चांगला शब्द नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. २०१८ साली विसर्जनाच्या तोंडावर मुंबई उच्च न्यायालयाने डीजे-डॉल्बीला मोकळीक द्यायला नकार दिला. नियम कागदावर आहेत, आणि खिडकीच्या काचा आमच्या थरथरतात. प्रभात, दरबार यांच्यासारखी नावाजलेली पथके लक्ष्मी रस्त्यावर चौकाचौकांत नाट्यपदे वाजवतात तेव्हा लोक पायरीवर बसून ऐकतात, हे खरे. पण लहान बँडांना तो रस्ता कुठला मिळायला?

त्यातच २०२० आणि २०२१ ही दोन साले गेली. लग्नाला पन्नास माणसांची परवानगी. त्यांत बँडवाल्यांना कोण मोजणार? मिरवणुका बंद. आमच्या मास्तरांनी त्या काळात भाजीची गाडी लावली होती. दोन कॉर्नेटे विकली गेली. क्लॅरोनेट त्यांनी विकले नाही. ताफा परत जमला तेव्हा अठराचे बारा झाले होते. त्यांचा मुलगा कीबोर्ड वाजवतो आणि बापाला म्हणतो, "बारा माणसांचे काम मी एकटा करतो." मास्तरांनी मला ते सांगितले तेव्हा त्यांच्या आवाजात अभिमान होता की आणखी काही, ते मला ठरवता आले नाही.

गेल्या आषाढात मंडळाची सभा झाली. तरुण कार्यकर्त्यांनी मुद्दा काढला की बँडच्या रात्री गर्दी होत नाही. ऐंशी माणसे म्हणजे काय गर्दी? त्या पैशांत विसर्जनाला आवाजाची भिंत येईल. त्यांचे अगदीच चुकले असे नाही. वर्गणी तेच गोळा करतात, जिने तेच चढतात. वाद बराच तापला. शेवटी त्यांच्यातलाच एक, ढोलपथकात टोल देणारा पोरगा उठला. त्याने म्हटले की भिंत बघायला येणारे लोक कुठले असतात ते आपल्याला माहीत नसते, आणि त्या ऐंशीजणांतल्या प्रत्येकाचे नाव मी सांगतो. खरोखरच त्याने सांगायला सुरुवात केली. पस्तिसाव्या नावाला अध्यक्षांनी त्याला थांबवले. रात्र राहिली, खर्चातून फराळाचे दोन पदार्थ कमी झाले.

तुळशीचे लग्न आता तोंडावर आले आहे, बँडचा हंगाम सुरू होईल आणि मग मास्तर कुणाच्या हाती लागायचे नाहीत. म्हणून परवाच आम्ही तिघे पुढच्या वर्षीची सुपारी द्यायला त्यांच्या खोलीवर गेलो. नारळ आणि विसार हातात दिला. त्यांनी वहीत "सातवी रात्र" असे लिहून घेतले, आणि एवढेच सांगितले की यंदा खुर्च्या बिनहातांच्या मागवा. गेल्या खेपेला ट्राँबोनवाल्याचा कोपर सोलून निघाला.