मिठाच्या गंजी

कांजूर, भांडुप आणि मुलुंड येथील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावीतील अपात्र रहिवाशांच्या घरांकरिता देण्यास शासनाने २०२४ साली मंजुरी दिल्याचे वृत्त ताडकळसच्या ओट्यावर वाचले, आणि ज्या उपनगराला रामराम करून मी गावी परतलो त्याचे बंद केलेले दफ्तर पुन्हा उघडावे लागले.

१८५३ साली ठाण्यापर्यंत आगगाडी धावली, १९२० साली साष्टीचा मुलूख वेगळा काढून उपनगर जिल्हा झाला, १९५७ साली महापालिकेची हद्द मुलुंड-दहिसरला टेकली, हा मजकूर गॅझेटिअरात सापडतो. मला त्यात गोडी नाही. माझे उपनगर १९७२ च्या दुष्काळानंतरचे, पूर्णा स्थानकावर मीटरगेजची गाडी धरून, मनमाडला ती बदलून, भांडुपच्या डोंगरउतारावरील चाळीत उतरल्यानंतरच्या दहा वर्षांचे. पश्चिमेस डोंगर, मधून रूळ आणि आग्रा रोड, पूर्वेस खाडी, इतका सरळ तो भूगोल होता. परंतु डोंगरापलीकडे विहार तलाव तुडुंब भरलेला असताना आमच्या नळाला पाणी रात्री दोन वाजता येई, आणि घागरीच्या रांगेत झोपलेल्या माणसाला भोंगा होताच कारखान्यात उभे राहावे लागे. पागडीची पावती मागितली तेव्हा चाळमालकाने ‘गावाकडची माणसे फार कायदा बोलतात’ असे सुनावले होते. ती पावती आजतागायत मिळालेली नाही.

आई प्रथम आली तेव्हा गाडीच्या खिडकीतून रुळांपलीकडच्या शुभ्र राशी पाहून ‘एवढा कापूस कुणाचा रे?’ म्हणाली. ते मीठ आहे हे तिला पटेना. पावसाळ्यापूर्वी त्या राशी गवताने शाकारल्या जात, आणि मग भरतीचे व पावसाचे पाणी तेथेच पसरून मुकाट्याने ओसरे.

पुढचे थोडक्यात सांगतो: १९८२ चा संप गिरणगावात झाला, पण धग आग्रा रोडलाही लागली, भोंगे एकेक करून मुके झाले, त्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा पाण्याची वाट अडवण्याची किंमत साऱ्या साष्टीने मोजली. धारावीकरांना घर मिळू नये असे कोण म्हणेल? परंतु ज्याला आपल्या वस्तीतून उठवायचे त्याला खाजणात नेऊन बसवणे, हा न्याय नव्हे.

हे माझे मत. मतदारयादीतले नाव मात्र आता पूर्णा तालुक्यात आहे.